शारदेच्या पोस्टरवर कोण?

आमच्या हौशी नाटक मंडळात कामाची वाटणी सोपी आहे. ज्याचा गळा बरा तो गातो, ज्याच्याकडे टेम्पो तो सेट वाहतो आणि ज्याच्याकडे लॅपटॉप तो पोस्टर करतो. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. शुक्रवारी रात्री खंबाटकी ओलांडून साताऱ्याला घरी येतो आणि शनिवार-रविवार तालमीत घालवतो. नाटकात मला तीन वाक्यं असतात. त्यामुळे पोस्टरला नाही म्हणायची सोय नसते.

या वेळी आम्ही 'संगीत शारदा' करायचं ठरवलं. अख्खं नाही, छाटून दोन तासांचं. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, त्यामुळे हक्कांची भानगड नाही, हे निवडीमागचं एक अगदी व्यवहारी कारण. दुसरं कारण, देवल आपल्याच भागातले. सांगलीजवळच्या हरिपूरचे. दिग्दर्शक म्हणाला, "दहा दिवसांत पोस्टर दे. शारदेचा एखादा भारी फोटो टाक, बस."

मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. एआय टूल उघडलं आणि लिहिलं: एकोणिसाव्या शतकातली मराठी नवरी, उदास चेहरा. पहिल्या चित्रात आली पंचविशीची एक मुलगी, लेहंगा नेसलेली, तोंडावर हसू. नथीच्या जागी नाकाच्या मधोमध कडं. दुसऱ्यात नऊवारी आली, पण मुंडावळ्यांच्या जागी मोत्यांचा मुकुट. वीस-पंचवीस चित्रं झाली. सगळ्या बायका सुंदर, सगळ्या दागिन्यांच्या दुकानाच्या जाहिरातीतल्या. शेवटी मी वय घातलं: बारा वर्षं. टूलनं चित्र काढायलाच नकार दिला.

नकार योग्यच होता. पण मी बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसलो. जे चित्र काढायलाही आज यंत्राला मनाई आहे, ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावोगाव मांडव घालून, वाजतगाजत होत होतं. मग त्या वेळच्या लोकांनी ते चित्रात कसं दाखवलं? नाटकाच्या जाहिरातीत कोण असायचं? हे शोधायला गेलो आणि दहा दिवसांचे सात आठवडे झाले.

*

पहिलं उत्तर सांगलीतच मिळालं, आणि ते असं की, सुरुवातीला कुणीच नसायचं.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली याच दिवशी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं. आदल्या वर्षी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगली दरबारात झाले होते. ते बघून राजे चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांना वाटलं की, असं काही मराठीत व्हावं. काम दिलं भाव्यांना. भावे कळसूत्री बाहुल्या बनवणारे, हातात कला असलेले तरुण. त्यांनी आख्यान रचलं, पदं केली, नट शिकवले. या खेळाला पोस्टर लागलं नाही. प्रेक्षक राजवाड्यातले, खर्च राजाचा, गोष्ट सगळ्यांना पाठ. सूत्रधार यायचा, विदूषक यायचा, गणपती आणि सरस्वती येऊन जायचे आणि मग खेळ. 'आज काय आहे?' हे भिंतीवर चिकटवून सांगायची गरज कुणाला होती?

गरज पडली १८५१ नंतर. आप्पासाहेब वारले आणि मंडळींचा राजाश्रय गेला. भाव्यांना खेळ घेऊन दौऱ्यावर निघावं लागलं. १८५३ साली त्यांचे खेळ मुंबईला झाले, तिकीट लावून. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या ग्रँट रोडच्या नाटकगृहातही झाले. राजवाड्यातला पाहुणा आणि तिकीट काढून आलेला गिऱ्हाईक यांत फरक असतो. पाहुण्याला बोलावणं पुरतं. गिऱ्हाइकाला आधी कळावं लागतं की, खेळ कुठे आहे, किती वाजता, किती पैसे आणि मुख्य म्हणजे मी का यावं. मला वाटतं, मराठी नाटकाच्या पोस्टरची खरी सुरुवात या 'मी का यावं'पासून होते. राजा गेला आणि जाहिरात आली.

माझ्या ऑफिसातली भाषा वापरायची तर, भाव्यांचा एकमेव क्लायंट गेला आणि त्यांना थेट बाजारात उतरावं लागलं. त्या बाजारात विकायचं काय, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक पोस्टरवाल्यापुढे आहे. माझ्यापुढेही होता.

*

आता शारदेबद्दल. ज्यांनी हे नाटक पाहिलं-वाचलं नाही (आमच्या मंडळातल्या निम्म्यांनी वाचलं नव्हतं) त्यांच्यासाठी थोडक्यात. कांचनभट नावाचा लोभी बाप पैशासाठी आपली कोवळी मुलगी शारदा हिचं लग्न भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याशी ठरवतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ. कोदंड हा तरुण ते लग्न मोडायला धडपडतो.

नाटक रंगभूमीवर आलं १८९९ साली, किर्लोस्कर नाटक मंडळीकडून. त्याआधीची पंधरा वर्षं डोळ्यांसमोर आणा. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाहाविरुद्ध टिपणं काढली. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंवर खटला भरला गेला, कारण लहानपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. दहावरून बारा! त्यावरही महाराष्ट्रात रण माजलं. टिळक विरोधात, आगरकर बाजूनं. सभा झाल्या, उधळल्या गेल्या. हा सगळा धुरळा पुरता बसायच्या आत देवलांनी हाच विषय संगीत नाटकात आणला, तोही विनोद आणि पदांच्या जोरावर. पौराणिक कथांवर वाढलेल्या रंगभूमीवर हे नवं होतं. प्रेक्षक भुजंगनाथाला हसायला आले आणि हसता हसता अडचणीत आले.

पण संहिता छाटताना एक गोष्ट मला टोचली. भर मांडवात ते लग्न मोडतं कशामुळे? नवऱ्याचं वय झालंय म्हणून नाही. नवरी पोर आहे म्हणून नाही. भुजंगनाथ आणि शारदा सगोत्र निघतात म्हणून. म्हणजे अख्खा गाव ज्या गोष्टीकडे बघत होता तिनं काही अडलं नाही, अडलं ते पोथीतल्या नियमानं. देवलांचा हा टोमणा आहे की नाटककाराची सोय, यावर आमच्या तालमीत दोन रविवार भांडण झालं. मला अजून तो टोमणाच वाटतो. समाजाला थांबवायचं असेल तर त्याच्याच नियमात अडकवावं लागतं, हे देवलांना ठाऊक असावं.

*

मग मी चित्रांकडे वळलो. साताऱ्याहून औंधला बाइकवर गेलो. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी जमवलेला हा संग्रह १९३८ साली खुला झाला. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. कॅलेंडरवर आणि देवघरात पाहिलेला रविवर्मा वेगळा आणि तेलरंगातला समोरचा रविवर्मा वेगळा. कापडाची चमक दिसते, कातडीखालचा रंग दिसतो.

रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. दगडावर चित्र उतरवायचं, एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि कागद एकावर एक त्या सगळ्या दगडांवरून काढायचा. एक दगड केसभर सरकला तरी ओठाचा रंग गालावर जायचा. या छापांमुळे महाराष्ट्राच्या घराघरांत एक बाई पोचली. गोरटेली, भरलेली, मान किंचित कलती, डोळ्यांत पाणी किंवा पाण्याची शक्यता. शकुंतला तीच, दमयंती तीच, सैरंध्री तीच. आणि हळूहळू रंगमंचावरची नायिकाही तशीच दिसायला लागली.

रंगमंचावरची नायिका म्हणजे अर्थातच पुरुष. १९०५ साली मिरजेला किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतला'त एक सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. पुढे त्यांच्या साड्या, अंबाडा, गजरा, दागिने बघून बायका तशा नटायला लागल्या. बाईनं कसं दिसावं हे बाईला एका पुरुषानं शिकवलं, आणि त्यानं ज्या चित्रांच्या छायेत ते घडवलं तीही पुरुषाची. बालगंधर्वांची थोरवी मी नाकारत नाही. आमच्या घरी आजोबांनी त्यांच्या रेकॉर्डी जपल्या होत्या. पण पोस्टरसाठी शारदेचं जुनं चित्र शोधणाऱ्या माणसाला एक गोष्ट मान्य करावी लागते: १८९९ची शारदा हा साडी नेसलेला मुलगा होता. स्त्रियांच्या वेगळ्या मंडळ्या होत्या, पण प्रतिष्ठित मराठी रंगमंचावर स्त्रीची भूमिका स्त्रीनं करणं रुळायला १९३३ उजाडलं, 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या तोवर.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. सांगलीतच जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांचं 'कीचकवध' १९०७ सालचं. कीचक सैरंध्रीला छळतो ही महाभारतातली गोष्ट, पण प्रेक्षकांना कळलं की, कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे भारतमाता, संयम सांगणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. सरकारलाही कळलं. १८७६च्या कायद्याखाली १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. मग १९२० मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तीच कथा 'सैरंध्री' या मूकपटात घेतली, तेव्हा कीचकाच्या वधाचा भाग सेन्सॉरनं कापला. हेच बाबूराव आधी नाटकांचे पडदे रंगवायचे आणि नंतर स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं रंगवायला लागले. त्यांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४चं पोस्टर हे आज हाती असलेलं सर्वांत जुनं भारतीय चित्रपटाचं पोस्टर मानतात.

औंधहून परतताना पुसेगावजवळ चहाला थांबलो तेव्हा माझ्या डोक्यात हे सगळं एका ओळीत लागलं. छळ सोसणाऱ्या बाईचं चित्र आपल्याकडे नेहमीच चाललं. पण ती बाई कधी भारतमाता असते, कधी समाजसुधारणा, कधी नुसतीच तिकीटबारी. त्या चित्राचा अर्थ सगळं काही होतो, फक्त ती बाई सोडून. आणि आता लॅपटॉपवर 'उदास चेहरा' असं टाइप करणारा मी, त्याच रांगेतला आणखी एक पुरुष.

*

रविवारी तालमीत मी सोपा मार्ग सुचवला. आमची शारदा एकोणीस वर्षांची कॉलेजकन्यका आहे. तिचाच नवरीच्या वेशात फोटो काढू.

ती म्हणाली, "नको."

"का गं?"

"दादा, पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरणार. नवरीच्या वेशातला माझा फोटो काकाच्या ग्रुपवर जाईल, तिथून मामाच्या. मग घरी बोलायला लागतील, छान दिसतेस, आता बघूया का स्थळं. माझं टी.वाय. व्हायचंय."

सगळे हसले. ती हसली नाही.

मग तिनं आणखी एक सांगितलं. तिच्या गावाच्या बाहेर दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची पालं पडतात. बीडकडून, मराठवाड्यातून येतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'वर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला कोयता होत नाही. म्हणून लग्नं लवकर उरकतात. तिच्या आईनं एका पालातल्या पोरीला पाणी भरताना वय विचारलं होतं. पोरगी म्हणाली होती, "अठरा," आणि आईनं पुन्हा विचारलं नव्हतं.

ही गोष्ट एका गावाची नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं आढळलं. साधारण पाचांतली एक. साखरेच्या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा लोकांना हे आकडे मराठवाड्याचे वाटतात. ऊस मात्र आमच्या शेतातला असतो.

त्या दिवशी आम्ही ठरवलं की, कुठल्याही खऱ्या, हयात मुलीचा चेहरा पोस्टरवर नको. पालावरचा तर मुळीच नको.

*

मग मला पणजीचा फोटो आठवला.

तो सांगलीला आजीकडे आहे. आजी म्हणजे आईची आई, पणजी म्हणजे तिची आई. पणजीचं माहेर साताऱ्याकडचं, सासर सांगलीचं. फोटो स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा: खांब, कमान, लांबवर तळं. (हे पडदे आणि नाटकाचे पडदे इतके सारखे दिसतात की, रंगवणारे हातही तेच असावेत असं वाटतं.) खुर्चीवर पगडी घातलेला गृहस्थ. शेजारी उभी एक मुलगी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. दोघांची डोकी जवळपास एका उंचीवर, तो बसलेला असून. वय तिचं अकरा, त्याचं छत्तीस. तो बिजवर. २०१९च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आजीच्या घरात ते माळ्याला टेकलं होतं. फोटोच्या खालच्या भागावर चिखलाचा डाग कायमचा बसला. पाय दिसत नाहीत.

हे लग्न १९३० च्या मार्चमधलं. महिना महत्त्वाचा आहे. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. मुलीसाठी वयाची मर्यादा चौदा, मुलासाठी अठरा. त्याला लोक 'शारदा कायदा' म्हणतात. माझ्यासह मंडळातल्या सगळ्यांना वाटायचं की, ते नाव देवलांच्या शारदेवरून आलं. तसं नाही. ते विधेयक मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा, त्यांच्या आडनावावरून आलं. पण मराठी माणसाच्या कानाला ते शारदाच वाटलं, आणि त्यात नवल नाही. तीस वर्षं नाटकानं ते नाव याच दुखण्यावर ठेवलं होतं.

कायदा अमलात येणार होता १ एप्रिल १९३० पासून. तारीख आधी जाहीर. मग देशभर जे व्हायचं तेच झालं: लोकांनी त्या आधीच्या महिन्यांत धडाधड लग्नं उरकली. सातारा जिल्हा ब्रिटिश मुलूख, तिथे कायदा लागू होणार होता. सांगली संस्थान, तिथे तो थेट लागू नव्हता. पण पणजीच्या वडिलांनी जोखीम नको म्हणून मार्चमधलाच मुहूर्त धरला. पोरीला आणखी दोन-तीन वर्षं ठेवायचा विचार होता म्हणे. पणजी म्हातारपणी सांगायची, "शारदा कायद्यानं माझं लग्न लावलं." लहानपणी मला तो विनोद वाटायचा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एखादी सोय बंद करणार असलो की, महिनाभर आधी कळवतो, आणि त्या महिन्यात तिचा वापर सगळ्यात जास्त होतो. हे मला रोजच्या कामातून माहीत होतं. माझ्या घरात ते एका अकरा वर्षांच्या मुलीवर झालं होतं, हे मात्र मी कधी जोडून बघितलं नव्हतं.

आणि सांगलीच्या ज्या आयर्विन पुलाच्या फुटांवर आजही पूर मोजतात तो १९२९ सालचा, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या नावाचा. त्याच्याच कारकिर्दीत, त्याच वर्षी हा कायदा झाला. आजीच्या घरातल्या त्या फोटोवर दोघांच्याही खुणा आहेत.

*

मी सांगलीला गेलो. आजी सत्त्याऐंशीची. भडंग पुढे ठेवून म्हणाली, "काय काम काढलंस?"

मी सांगितलं. फोटो पोस्टरवर लावायचाय. दीडशे-दोनशे लोक बघतील, मोबाइलवर हजारभर.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लग्न लावताना तिला कुणी विचारलं नव्हतं. फोटोला उभी केली तेव्हाही नाही. आता तू लावणार, तेव्हा कुणाला विचारणार?"

"तुला विचारतोय की."

"मी ती नव्हे."

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, निदान स्कॅन करून घेतो, डाग वाढतोय. त्याला ती हो म्हणाली. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडचा स्कॅनर नको म्हणून मी पुण्याहून मित्राचा आणला होता. सर्वांत जास्त रेझोल्यूशनवर स्कॅन केलं आणि सवयीनं झूम करत गेलो. चेहरा झूम केल्यावर फुटतो, ठिपके होतात. पण खुर्चीच्या पाठीवरचा हात स्पष्ट होता, कारण तो कॅमेऱ्याच्या नेमक्या अंतरावर होता. लहान हात. नखं वेडीवाकडी. हिरव्या असाव्यात अशा बांगड्या, फोटोत काळ्या. आणि बोटात अंगठी. अंगठीच्या आतल्या बाजूला काहीतरी जाडसर.

मी लॅपटॉप आजीपुढे धरला. तिनं चष्मा वर-खाली केला.

"दोरा आहे तो," ती म्हणाली. "अंगठी मोठ्या बाईची. बोटातून पडू नये म्हणून दोरा गुंडाळायचे. पहिलीची असणार ती."

पहिलीची, म्हणजे पणजोबांच्या वारलेल्या पहिल्या बायकोची.

संध्याकाळी मी निघताना आजी दारापर्यंत आली. म्हणाली, "तोंड लावू नकोस. हात लाव. आणि नाव घाल खाली, माहेरचं. सासरी नाव बदललं तिचं. ताटात तांदळावर नवं नाव लिहिलं आणि जुनं कुणी हाकच मारलं नाही. ते घाल."

*

पोस्टर असं झालं: जवळपास सगळा कागद हळदीच्या रंगाचा. हरिपूरची हळदीची पेवं एकेकाळी प्रसिद्ध होती, जमिनीखाली खोल खणलेली. देवलांचं गाव आणि लग्नाची हळद, दोन्हींसाठी हा एकच रंग पुरला. मध्ये तो हात आणि खुर्चीच्या पाठीची कड. अंगठीतला दोरा दिसेल इतका मोठा. वर नाटकाचं नाव, लेखकाचं नाव, तारीख, वेळ. खाली बारीक अक्षरात पणजीचं माहेरचं नाव आणि 'लग्नाच्या वेळी वय ११, मार्च १९३०'. ते नाव मी इथे लिहीत नाही. आजीनं ते नाटकापुरतं दिलंय.

मंडळात सगळ्यांना आवडलं असं नाही. एकाचं म्हणणं, चेहरा नसेल तर लोक थांबत नाहीत, आणि ते खरं आहे. फ्लेक्सवाला म्हणाला, "साहेब, कोपऱ्यात एक नवरी टाकून देऊ का? माझ्याकडे आहेत." मीच त्याला विचारलं, कुठल्या आहेत. त्यानं दाखवल्या. माझ्या एआयनं काढलेल्यांच्या सख्ख्या बहिणी. कोपरा रिकामाच ठेवला.

आणि माझी स्वतःचीही एक शंका आहे, ती लपवत नाही. हात तेवढा कापून घेणं हीसुद्धा काटछाटच आहे. रविवर्म्यानं डोळ्यांतलं पाणी घेतलं, मी अंगठीतला दोरा घेतला. पणजी नंतर साठ वर्षं जगली, सहा मुलं वाढवली, नवऱ्यामागे शेताचे कागद स्वतः सांभाळले, पत्त्यांत कुणाला हरू द्यायची नाही. ती त्या हातात नाही. पोस्टरमध्ये मावत नाही म्हणून नाही, तर नाटकाला ती नको आहे म्हणून. नाटकाला अकरा वर्षांची पाहिजे. एवढं कळून मी ते पोस्टर केलं.

साताऱ्याच्या प्रयोगाला हॉल पाऊण भरला. कांचनभटाला हशा मिळाला, सगोत्राच्या प्रवेशाला आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा. मध्यंतरात बाहेर चहाच्या टेबलापाशी एक पन्नाशीच्या बाई पोस्टरसमोर उभ्या होत्या. बोटानं त्या दोऱ्याला हात लावून बघत होत्या. मला म्हणाल्या, "हे कोण?"

मी म्हटलं, "माझी पणजी."

त्यांनी खालचं नाव मोठ्यानं वाचलं. सगळं, माहेरच्या आडनावासकट. मग तिसरी घंटा झाली आणि आम्ही आत गेलो.

सांगलीचा प्रयोग पुढच्या महिन्यात आहे. आजी येणार आहे. पोस्टर तिनं मामेभावाच्या मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून बघितलं आणि एवढंच विचारलं की, फोटो परत फ्रेममध्ये नीट बसवलास ना.